बिनवाऱ्याची लढाई

हेमाताई कुठल्याही गोष्टीला नुसती नावं ठेवत नसत. ती का वाईट आणि कशी असायला हवी, ते कागदावर लिहून देत. कॅन्टीनच्या आमटीबद्दल त्यांनी दिलेला कागद कंत्राटदाराने मुकाट्याने वाचला आणि दुसऱ्या दिवशी आमटी सुधारली. "नावं सगळेच ठेवतात. काय पायजे ते सांगावं लागतं," असं त्यांचं म्हणणं.

नव्वदच्या दशकात बोईसरच्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत आम्ही शेजारी काम करायचो. मी नवी, त्या दहा वर्षं जुन्या. रोज सातपाटीच्या कोळीवाड्यातून यायच्या. वडील तिथले नावाजलेले तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आणि ते खाटेला खिळले. जीभ शाबूत होती, पण बोलणंच सोडलं त्यांनी.

जहाजावर नोकरीला असलेल्या चुलतभावाकडून हेमाताईंनी बाबांसाठी हातात मावणारा व्हिडिओ गेम मागवला. त्यात आरमारी लढाईची कॅसेट होती. चौकटींचा समुद्र, दोन्हीकडची जहाजं, विचार करून एकेक चाल करायची. मांडीवर ठेवून डाव्या हाताने जमेल, असं त्यांना वाटलं. भाऊ परत येईपर्यंत त्या दिवस मोजत होत्या.

गेम आला आणि तीन दिवसांनी त्या पडलेल्या चेहऱ्याने कामावर आल्या. "बाबांनी बाजूला ठेवला." त्यांनी तो पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. मी जेवणाच्या सुट्टीत खेळून पाहिला. शत्रूची जहाजं दर वेळी त्याच जागेवरून, त्याच क्रमाने पुढे येत. आपण कोपऱ्यात थांबलं की एकेक करून बुडत. जिंकलो, तरी पुढच्या लढाईत पुन्हा तेच.

"ते काही म्हणाले का, ताई?"

"म्हणाले ना. इतक्या दिवसांत पैल्यांदा एवढं बोलले. ह्यात वारा नाय, भरती नाय, खडक नाय, ह्यो कसला दर्या?" सांगता सांगता त्या थांबल्या. "म्हणजे काय पायजे ते त्यांनी सांगितलंच की."

त्याच दिवशी साहेबांना विचारून त्यांनी प्रयोगशाळेतले रद्दीतले आलेखाचे कागद घरी नेले. ते जोडून समुद्र आखला. बोटींच्या जागी चिंचोके. सहा चाली भरती, सहा चाली ओहोटी. वाऱ्याची दिशा चिठ्ठी उचलून ठरायची. सातपाटीच्या बंदराबाहेर खडक कुठे, वाळूचा बांध कुठे, हे बाबा डाव्या हाताने दाखवत आणि चूक झाली की रागावत.

एका रविवारी मी गेले तेव्हा डाव रंगला होता. "पोरी, ओहोट लागली. आता भायेर निघशील तं वाळूवर बसशील," बाबा म्हणाले. हेमाताईंनी बोट मागे घेतली, वारा फिरेपर्यंत थांबल्या आणि बाबांचीच बोट वाळूवर बसवली. बाबांनी शेजाऱ्यांना हाका मारून बोलावलं. "बघा, माज्या पोरीनं मला हरवला."

हा खेळ दोन वर्षं चालला. मग बाबा गेले. आदल्या संध्याकाळपर्यंत ते चाली सांगत होते.

त्यानंतरच्या पावसाळ्याअखेरीस मी हेमाताईंकडे गेले असताना, पूर्वी हे डाव बघायला येणारा एक तरुण तांडेल दारात आला. बोट हाती येऊन त्याला थोडेच दिवस झाले होते. "ताई, उद्या ओहोटीला भायेर निघायचं हाय. दक्षिणेकडनं काढू?"

तिथल्या बायका मासळी सुकवतात, विकतात. बोटीवर जात नाहीत. हेमाताईंनी सुकाणू कधी हातात धरलं नव्हतं. त्यांनी त्याला वारा विचारला, बोटीवरचं ओझं विचारलं. "नको. भरतीची वाट बघ. बांबूनं पानी मोज आणि उत्तरेच्या अंगानं काढ."

दुसऱ्या दिवशी आम्ही बंदरावर गेलो, तेव्हा बोट नीट बाहेर पडत होती. काठावरच्या एका म्हाताऱ्याने ओरडून विचारलं, "तुला ह्या अंगानं जायला कोनी सांगितलं रे?"

त्याने बोटीवरूनच हेमाताईंकडे हात केला. "आमच्या तांडेलनीनं."

म्हाताऱ्याने वळून पाहिलं आणि हेमाताईंना पुढे यायला वाट करून दिली.