आबांसाठी चाखलेलं द्राक्ष

आबांना जाऊन आता वर्ष होईल, आणि मला अजून कुणी द्राक्षं दिली की मी हात मागे घेते. लोक म्हणतात, काय बाई ही, द्राक्षाला घाबरते. पण मी त्या दिवशी आबांच्या खाटेजवळ बसले होते ना, म्हणून.

आबा शास्त्रज्ञ होते. मोठ्या कॉलेजात द्राक्षाच्या नव्या जाती काढायचे, मग रिटायर होऊन शहाद्याकडे तापीकाठच्या आपल्या गावी आले आणि घरामागच्या तुकड्यात पुन्हा तेच सुरू केलं. आमच्याकडे सगळी केळी, पपई, कापूस. लोक रस्त्यावरून हसायचे, "आबा, द्राक्षं नाशिकले, आठे पपई लावा!" आबा म्हणायचे, "पपई तुम्ही लावा, मी ऊन खाणारं द्राक्ष लावस." आमच्या उन्हात मणी भाजून तडकतात, तसा न तडकणारा वेल त्यांना पाहिजे होता, बस, तेवढंच.

मी आबांकडे कामाला गेले तेव्हा माझी पोरगी अंगावर पीत होती. मांडवाच्या खांबाला तिची झोळी बांधायची आणि चिमटा घेऊन बसायचं. द्राक्षाचं फूल मोहरीएवढं असतं, त्याच्यावर हिरवी टोपी असते. ती टोपी आपोआप पडायच्या आधी आपण काढायची, आतले नर केसर खुडून टाकायचे, मग दुसऱ्या वेलाचा पराग ब्रशानं लावायचा, आणि वर कागदाची पिशवी. एक जरी नर राहिला तरी सगळं फुकट. मला आधीच भीती फार, श्वास सुद्धा जपून घ्यायची, की माझ्या श्वासानं फूल उडलं तर? आबा म्हणायचे, "श्वास घे वं पोर, नाहीतर तूच पडशी मांडवमा."

त्यातून बी निघायची ती ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवायची, बियांना थंडी लागते म्हणे. आबांची बायको, आम्ही सगळ्या तिला माय म्हणायचो, ती रोज ओरडायची, "तुम्हना वाळूना डबा फ्रिजमा, मन्हं दूध काय मांडववर टांगू?" मग रोपं, मग वेल, मग काही वर्षं वाट, तेव्हा कुठे पहिला घड. आबा स्वतः एक मणी चावायचे, थुंकायचे, आणि नाही आवडलं तर वेल त्याच दिवशी मुळापासून काढायचा. दुसऱ्या दिवसावर टाकायचंच नाही, असा त्यांचा नेम होता. काढताना एक शब्द बोलायचे नाहीत. मला तर रडू यायचं, वाढवलेलं झाड असं कसं काढवतं माणसाला.

मग आबांच्या घशाला गाठ आली. सुरतला रेडिएशनचा शेक घेऊन आले, आवाज बसला, आणि तोंडाची चव गेली, साखर आणि माती सारखीच. आणि नेमका त्याच उन्हाळ्यात कडेच्या वेलाला पहिला घड लागला. असं ऊन होतं, तरी एक मणी तडकला नाही. आबा खाटेवर पडून खिडकीतून त्याच्याकडेच बघायचे. बाकी मोठे वेल सगळे काढून झाले होते, रोपं होती ती फार लहान. हा एकच राहिला होता आबांच्या हातात, आणि वेळही तेवढाच होता, ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

मायनं आधी चाखलं. म्हणाली, गोड शे. आबा हसले, "तुन्ही जीभ मिसरीनी बसेल शे." मिसरी म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू, आमच्याकडे बाया लावतातच. कामाच्या बाया सगळ्या लावायच्या, छाटणीवाला बाबा चुना-तंबाखू खायचा. मिसरीनं मला उलटी होते, मी कधी लावलीच नाही. मग आबांनी बोट माझ्याकडे केलं.

घड तोडायला गेले तर माय मागून आली, माझं मनगट धरलं. तिचा हात गरम होता. म्हणाली, "कसंबी लागो, गोड शे असंच सांगजो. त्यास्ना जीव शांत होई." मी मान हलवली. काय करणार, मालकीण ती, आणि खोटं बोलून कुणाचं काय जातं, असं मला वाटलं खरं.

आबांसमोर बसले, मणी तोंडात टाकला. आबा माझ्या तोंडाकडे असे बघत होते, अगदी लहान मूल वाटीकडे बघतं तसं.

"कसं लागस?"

"गोड शे," मी म्हटलं. आणि ते गोड होतंच.

"मांगतून?" म्हणजे गिळल्यावर, मागाहून.

मी मान वळवली. दाराशी माय उभी. गिळल्यावर जिभेच्या मागे साल चिकटल्यासारखं झालं होतं, तोंड सगळं ओढल्यासारखं.

"खरं सांग वं पोर. मन्ही जीभ आते तूच शे."

मी म्हटलं, "तुरट लागस, आबा. कच्चं टेंभुर्ण खाल्ल्यासारखं." आणि मला वाटलं आता मी मेलेच.

आबा उन्हाकडच्या बाजूचा मणी दे म्हणाले, मग सावलीकडचा. दोन्ही तसेच. मग त्यांनी छाटणीवाल्या बाबाला हाक मारायला सांगितलं. "काढी टाका."

"ऱ्हाऊ द्या ना," माय म्हणाली. "यंदा ऱ्हाऊ द्या. काय बिघडस?"

"लोके बघतीन, तडकत नही म्हनीसन लावाले काड्या लई जातीन. गावभर हाऊच वेल हुई, आणि मी नही ऱ्हासू सांगाले." एवढं बोलून त्यांना खोकला आला, मायनं पाणी धरलं, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही.

बाहेर कुदळीचा आवाज सुरू झाला. मी पोरीचा हात धरून निघाले, उद्यापासून काम गेलं असंच धरून चालले. तर आबांनी हाक मारली.

"बैस. तुरट येवाना आधी गोड व्हतं ना? ते कसं व्हतं?"

मला काय सांगता येणार, मी आठवी नापास. म्हटलं, सकाळी मोहाचं फूल चोखल्यासारखं, पण त्याच्यापेक्षा गार. म्हटलं, आधी काहीच नाही, मग मणी फुटतो आणि एकदम गालात येतं, कानापर्यंत. त्यांनी डोळे मिटले. "आखो," म्हणाले, म्हणजे आणखी सांग. मग सांगितलं की मध्ये जरा आंबट होतं, पण चांगलं आंबट, बोरासारखं, दात न आंबवणारं. त्यांचे ओठ हलत होते, चघळल्यासारखे.

माझ्याकडचं संपलं. मी थांबले. बाहेर कुदळ थांबली होती, वेल ओढल्याचा आवाज आला, पानं सगळी जमिनीवरून घासत गेली.

माय खाटेच्या पायथ्याशी येऊन बसली होती, तोंडाला पदर लावून. हळूच म्हणाली, "बोलत ऱ्हाय वं, थांबू नको."

मग मी बोलत राहिले. द्राक्षाचं काही उरलं नव्हतं, मग आईकडच्या सीताफळाचं सांगितलं, उसाच्या कांड्याचं सांगितलं, जे जे गोड मला माहीत होतं ते.