खंडेनवमीची पूजा आणि कॅमेऱ्याची प्लेट

दसऱ्याला आमच्या घरी, शिरूर अनंतपाळला, एक कॅमेरा पडता पडता राहिला. कॅमेरा माझा नव्हता... म्हणूनच हे लिहितेय.

तो रुबिनाचा. नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये आम्ही एका बाकावर होतो. मी नोकरीला लागले, तिने लग्नांचे व्हिडिओ करायला घेतले. तिच्याकडे चांगला कॅमेरा हा एकच, आणि दिवाळीनंतरच्या सगळ्या ऑर्डर त्याच्याच भरवशावर.

माझ्या चुलत बहिणीचा, शिवलीलाचा, साखरपुडा दसऱ्याला ठरला. रुबिनाच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यामुळे तिला शूटिंगला येता येणार नव्हतं. तिने सरळ कॅमेराच माझ्या हातात दिला. अट एक... माझ्या ट्रायपॉडचा डुलणारा क्लॅम्प आधी बदलायचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कॅमेऱ्याच्या तळाला एक चपटी प्लेट स्क्रूने बसवतात. ती ट्रायपॉडवरच्या क्लॅम्पच्या जबड्यात सरकवायची आणि आवळायची. अख्खा कॅमेरा या दोन तुकड्यांवर उभा असतो, आणि लोक काटकसर नेमकी इथेच करतात.

बजेट आमचंही बेताचंच होतं. म्हणून मी रुबिनासोबत नांदेडच्या दुकानात गेले ती बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर घेऊनच. दुकानदाराने चष्मा वर केला. "ताई, प्लेट घ्यायलाव का सोनं?"

"भैया, ही नवरा बी मापूनच घेणार हाय," रुबिना म्हणाली. मी लक्ष दिलं नाही.

मापण्याचा फायदा झाला. दिसायला सारख्या प्लेटांच्या रुंदीत बारीक फरक निघाला. खटक्याने बंद होणाऱ्या क्लॅम्पची फट ठरलेली असते, त्यात जराशी अरुंद प्लेट सैल बसते. फिरवून आवळायच्या नॉबचा क्लॅम्प हा फरक सांभाळून घेतो, शिवाय स्वस्त पडतो. चकचकीत खटकेवाला परत ठेवला, नॉबवाला घेतला.

प्लेटवरून मात्र आमचं वाजलं. एका प्लेटच्या खालच्या बाजूला, दोन्ही टोकांना एकेक छोटा स्क्रू होता. प्लेट घसरलीच तर तो क्लॅम्पच्या कडेला अडतो. ती जरा महाग होती. क्लॅम्प नीट आवळला तर त्याची गरज नाही, असं माझं म्हणणं.

"आवळणारं माणूसच हाय ना यार," रुबिना म्हणाली. "आणि साखरपुड्यात कोण कुठून धडकंल, काय नेम?" तीच प्लेट घेतली.

खंडेनवमीच्या सकाळी मी अंघोळ करून आले, तर देव्हाऱ्यासमोर आमच्या दुकानाचा तराजू, काकांचा स्पॅनर सेट, काकूंची, म्हणजे शिवलीलाच्या आईची, शिलाई मशीन... आणि कॅमेरा काढून ठेवलेला माझा ट्रायपॉड. क्लॅम्पवर विभूतीचे तीन ओले पट्टे, कुंकू, वर झेंडूचं फूल. शेजारी कॅमेऱ्याची बॅग, तिलाही फूल.

"काकू, हे काय?"

"आगं, हत्याराची पूजा नको का? तराजूची करतो, तुज्या ह्यानं काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी ट्रायपॉड लख्ख होता. काकूंनी सकाळीच ओल्या फडक्याने पुसून ठेवला होता. मी कॅमेरा चढवला, नॉब आवळला. घट्ट लागला.

शिवलीलाला इन्स्टासाठी उभा व्हिडिओ हवा होता, म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवरच एका कुशीवर वळवला. अशा वेळी क्लॅम्पची खाच खाली तोंड करून असते आणि सगळं वजन फक्त जबड्याच्या पकडीवर येतं. अंगठी घालायच्या वेळेस पाव्हणेमंडळी एकदम स्टेजवर चढली, ट्रायपॉडखालचं प्लायवूड हललं... आणि माझ्या डोळ्यांदेखत कॅमेरा खाली सरकला.

टक् असा आवाज आला. कॅमेरा थांबला. मी दोन्ही हातांनी धरला तेव्हा तो प्लेटच्या टोकाच्या त्या छोट्या स्क्रूवर अडकून होता.

कार्यक्रम आटोपल्यावर क्लॅम्प उघडून बघितला. पुसताना ओली विभूती जबड्याच्या खाचेत गेली होती आणि तिथेच वाळली होती. नॉब आवळला तेव्हा प्लेट धातूवर नाही, त्या थरावर बसली. हादरे बसले, थराचा भुगा झाला, पकड गेली.

काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं. "परक्या पोरीचं हत्यार... माज्या हातानं गेलं असतं की गं," एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला. लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशी.

कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं. न सांगताही चाललं असतं. पण तिचा वर्षभराचा धंदा माझ्या हातात होता, म्हणून तिथूनच रुबिनाला फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं.

मग तिने विचारलं, "म्हणजे काकूंनी माझ्या कॅमेऱ्याची पण पूजा केली?"

"बॅगेला फूल वाहिलं. तराजूच्या शेजारी ठेवून."

"आमच्या घरी अजून माझ्या कामाला शौकच म्हणायलेत," ती म्हणाली. आणि मग, "काकू रडायल्या का? दे त्यांना फोन."

ती काकूंशी काय बोलली ते मी ऐकलं नाही, क्लॅम्प ब्रशने साफ करत होते. पण फोन ठेवताना काकू हसत होत्या. तशाच स्वयंपाकघरात गेल्या आणि पुरणपोळ्यांचा डबा भरायला घेतला, "त्या पोरीच्या आईला तूप जास्त चालतंय का गं?" असं आतूनच विचारत.

मी सहसा कुणाचे आभार मानत नाही, ते नीट जमत नाही. पण त्या दोन स्क्रूंसाठी माझ्याशी भांडलेल्या मैत्रिणीचे, आणि तिच्या कामाला काम मानणाऱ्या काकूंचे... मनापासून.