खंडेनवमीनंतरची फिल्म

मामा जाऊन महिना झाला. रुग्णालयात शिपायाला सगळेच मामा म्हणतात. माझे मामा मात्र एकच. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की सत्तरच्या दशकातला सोलापुरातला एक दिवस आठवतो, आणि या दुःखातही छाती तेव्हासारखीच धडधडू लागते.

मी कर्करोगावर किरण देणाऱ्या कोबाल्ट यंत्रावरचा नवा भौतिकतज्ज्ञ होतो, मामा तिथलेच शिपाई. किरण दिसत नाहीत, म्हणून यंत्रात दिवा आणि आरसा असतो. आरशावरून उजेडाचा चौकोन जिथे पडेल तिथेच किरण पडणार, हा सगळा भरवसा. दुसऱ्या दिवशी एका विणकराच्या गालावर उपचार सुरू व्हायचे होते. चादरींची नक्षी आलेखाच्या कागदावर काढणारा माणूस. डोळा झाकायला मी शिशाचा ठोकळा ओतून ठेवला होता. "डोळा राहील ना, साहेब?" एवढंच तो विचारायचा.

दसऱ्यानंतरचा तो पहिला कामाचा दिवस. यंत्राखाली ठेवलेल्या फिल्मच्या पाकिटावर उजेडाच्या कडांशी मी खुणेसाठी सुईने टोचलं, किरण सोडले, फिल्म धुतली. काळा चौकोन टोचण्यांपासून एका बाजूला सरकला होता. आदल्या दिवशीच येऊन बाकावर बसलेल्या विणकराने फिल्म खिडकीशी धरली, वर आपला आलेखाचा कागद ठेवून घरं मोजली.

"दोन घरं सरकलंय की. असली चादर आमच्यात कुणी घेत न्हाय."

ती दोन घरं म्हणजे त्याचा डोळाच होता.

यंत्राला मामांनी घातलेला खंडेनवमीचा झेंडूचा हार तसाच होता. मी मामांकडे पाहिलं.

"पूजेआधी आतला आरसा पुसला की," ते हळूच म्हणाले. "लई धूळ हुती. हात जोरात लागला असंल."

रागवायचं मला सुचलंच नाही. चूक सापडली होती! आरशाचा स्क्रू केसभर फिरवायचा, पुन्हा फिल्म. अंधाऱ्या खोलीतून ओल्या फिल्म घेऊन मामा अक्षरशः पळत येत. चौथ्या फिल्मवर चारही टोचण्या काळ्या कडेवर नेमक्या बसल्या. विणकराने घरं मोजली आणि मान डोलावली.

उपचार संपेपर्यंत मामा रोज त्याच्यासमोर दोन बोटं धरत. "किती?"

"तीन," तो म्हणायचा. मामांचा चेहरा उतरला की मग हसायचा. "दोनच हायत, मामा. नखं कापा जरा."