प्योकाकांचे बाण

कोरियातल्या मोकपोच्या बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत ताक यॉन-सुक गेमिंग पार्लर चालवायची. सगळे तिला मावशी म्हणत. नूडल्स उकळून द्यायच्या, कीबोर्ड पुसायचे आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतःच खेळायला बसायचं.

खेळातल्या तलवारीचा हिशेब तिला तोंडपाठ होता. तलवारीच्या जोरातून समोरच्याचं चिलखत वजा, उरेल त्यात थोडी घटवाढ. आणि चिलखत कितीही जाड असो, वार निदान एकाचा तरी बसतोच. बसला की तो आकडा ज्याला लागला त्याच्या डोक्यावर उडतो.

तिचे जोडीदार होते प्योकाका, गोदीतले जुने वेल्डर. त्यांनी ताकदीला काहीच दिलं नव्हतं. कमावलेले सगळे गुण नशिबावर लावलेले. त्यामुळे त्यांचा बाण एक तर एकाचा, नाहीतर थेट नऊशेच्या घरात.

"काका, असं कुणी खेळतं का?"

"मी जगलो तसाच खेळतो, बाई."

थंडीत काका गेले. मेलेल्याने जागा कशाला अडवायची, म्हणून खेळातल्या त्यांच्या टोळीच्या म्होरक्याने त्यांचं नाव यादीतून काढून टाकलं.

वसंतातल्या एका दुपारी मावशी खेळातल्या समुद्रगुहेत एकटीच लढत होती. राक्षसी खेकड्यावर तिचा आकडा उडाला. त्यामागून दुसऱ्याच कुणाचा तरी: एक. पुन्हा एक. मग नऊशे बारा. खेकडा कोसळला. गुहेत दुसरं कुणीच नव्हतं.

शेजारी टॅक्सीवाला मेंग नूडल्स खात होता. "असेल कुणीतरी अदृश्य होऊन," तो म्हणाला.

"मग मधले आकडे का नाहीत? एक, नाहीतर नऊशे. असं धनुष्य आणखी कुणाचं होतं, सांग."

मेंगचा घास तोंडाशीच थांबला. "मावशी, बंद कर ते."

तेवढ्यात तिच्याच डोक्यावर लाल आकडा उडाला. एक.

"अगं, ते टोळीबाहेर आहेत आता," मेंग कुजबुजला. "बाहेरच्याचा बाण आपल्यालाही लागतो. पळ!"

पुन्हा एक. तिचा जीव होता जेमतेम आठशेचा. पुढचा बाण नशिबाचा निघाला तर संपलंच. पण ती पळाली नाही. टोळीत बोलवायचा अधिकार तिलाही होता. तिने काकांचं नाव टाइप केलं.

"हा खेळाडू सध्या खेळात नाही," पडद्यावर उमटलं.

तिने बोलावणं पुन्हा पाठवलं. पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, "काका, या ना. रागावू नका."

यादीत काकांचं नाव आलं. जीवाची पट्टी पार काळी, रिकामी. लाल आकडे थांबले, आणि पुढच्या खेकड्यावर बाण पडू लागले.

तेव्हापासून प्रत्येक खेकड्यामागे मावशीला निम्मेच गुण मिळतात. ती तक्रार करत नाही. उरलेल्या निम्म्यावर काका एक पायरी वर चढले, तेव्हा म्होरक्याचा फोन आला.

"म्हाताऱ्याचं खातं कोण चालवतंय, मावशी?"

"तेच," ती म्हणाली आणि नूडल्सचं आधण ठेवायला उठली.