अस्तराखालचे शब्द

शहागंजमागच्या आमच्या गल्लीत बायका जे ब्लाउज घालतात, त्यांतल्या निम्म्यांच्या आत कधीतरी एकेक शब्द लिहिलेला होता, आणि हे बरेच दिवस फक्त शिवणवाल्या मावशींना आणि मला ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे हुक-काजं करते. त्यांची नात मोठी झाल्यावर तिचं एक गोष्टीचं पुस्तक घरात पडून राहिलं. हरवलेली शेळी शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. मावशी म्हणाल्या, "तुझी चौथी, माझी सातवी. दोघी मिळून अकरावी झालो की. वाचू." मग रोज दुपारी एक पान. त्यात नवा शब्द आला की त्या दिवशी कापलेल्या कापडाच्या आतल्या बाजूला, अस्तराखाली जाईल असा, तो खडूनं लिहायचा, एक दिवस त्यांनी, एक दिवस मी. शिवताना डोळ्यांसमोर राहतो, आणि पहिल्या धुण्यात निघून जातो. अर्थ कळेना तर माप द्यायला आलेल्या बाईला विचारायचा. छातीभोवती टेप असल्यावर ती पळणार कुठं? आणि शिकलेला शब्द मावशी त्याच दिवशी वापरायच्या. भाजीवाल्याला म्हणाल्या, "हा भोपळा अजस्र आहे, अर्धाच दे." तो म्हणाला, "मावशी, तसलं काय नाय त्याच्यात, सकाळीच आणलाय." मी हसले तर म्हणाल्या, "हसू नको, त्याला पण एक शब्द फुकट मिळाला."

'कजाग' शब्द आला त्या दिवशी माझी पाळी होती. गोष्टीतल्या मुलीची काकू कजाग होती. समोर शाळेतल्या एका बाईंचं मोतिया कापड होतं, त्यावर मी निळ्या खडूनं चांगला ठसठशीत लिहिला. लग्नाला घालायचा ब्लाउज. दंडाला घट्ट झाला म्हणून बाईंनी घरी उलटा करून अस्तर उसवलं, आणि तशाच दुकानात आल्या.

"हे कोणी लिहिलं? मी कजाग का?"

मी सुईत दोरा ओवत राहिले. तो आधीच ओवलेला होता. दोन शब्द बोलायचे होते, 'मी लिहिलं', एवढेच. पण त्या शाळेतल्या बाई, आणि मी चौथीतून घरी बसलेली. मावशींनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"मीच लिहिलं बाई," त्या म्हणाल्या. "पुस्तकातला शब्द हाय, तुम्हाला नाय म्हटलं."

"एवढं वय झालं, जरा तरी समज हवी," म्हणत बाईंनी शिवायला दिलेली बाकीची कापडंही पिशवीत भरली. मावशी मान खाली घालून उभ्या होत्या, रागावलेल्या गुरुजींसमोर मूल उभं राहतं तशा.

दुसऱ्या दुपारी मावशींनी रोजच्यासारखं पान उघडून पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मी वाचायला गेले तर आवाज फुटेना.

"घसा बसला का गं?"

"व्हय," मी खोटंच म्हणाले.

त्या मशीनवरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत आत गेल्या, आणि आलं ठेचून माझ्यासाठी काढा करून आणला. समोर बसून, पेला रिकामा होईपर्यंत मला पाजला.