चिकूच्या बियांची डबी

आशागडला आमच्या जीपमध्ये चिकूची पाटी घेऊन चढणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. मी तलासरीहून डहाणूला कॉलेजला जाते, ती बाजाराला. तिच्या कमरेला स्टीलची छोटी डबी खोचलेली असते, आत चिकूच्या बिया. कुणाच्या मांडीवर तान्हं मूल दिसलं, की जीप सुटायच्या आधी ती त्याच्या पाठीमागे हळूच डबी वाजवते. मूल वळलं, की हसून डबी परत खोचते.

एकदा माझी ताई तिच्या दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन माझ्यासोबत होती. बाईने दोनदा डबी वाजवली. बाळ खिडकीकडेच बघत राहिलं.

"बाय, याचे कान तपासून घे."

ताई चिडली. "याचे पप्पा पण उशिराच बोलायला लागले. बोलेल तो."

"माझ्या पोरीबद्दल मी पण पाच वर्षं हेच म्हणत होते," बाई म्हणाली. "वाट बघायची ती माझी बघून झाली. तू नको बघूस."

डहाणूला उतरल्यावर ताई सरळ सरकारी दवाखान्याकडे निघाली. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, तरी हे मला सुचलं नव्हतं.

आता भाच्याच्या कानांना मशीन आहे. परवा जीपमध्ये बाईने डबी वाजवली आणि तो वळला. तिने पुन्हा वाजवली, तो पुन्हा वळला. मग तिने डबी त्याच्याच हातात दिली.

"घे, आता तू वाजव."

डहाणू येईपर्यंत तो वाजवत होता. ती पाटीतला चिकू फोडून खात होती आणि एकेक बी पुसून पदराच्या टोकाला बांधत होती.