अदीशी केलेली भागीदारी

नवऱ्यामागे विधवेने पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली तेव्हा अंबरनाथच्या चाळीत मी एकटीच उरले होते. नवरा कारखान्यात होता, तापाने गेला. दोघे दीर त्याआधीच कराचीला निघून गेले होते. शेजारणी वाईट नव्हत्या, पण फाळणीनंतर माझ्याशी काय बोलावं हे त्यांना सुचत नसे, आणि मलाही. दिवसदिवस तोंडातून शब्द निघत नसे.

नवऱ्याच्या फंडाचे पैसे आले. त्याचा कारखान्यातला दोस्त म्हणाला, "भाभी, पोस्टात ठेवा. व्याजावर निवांत राहाल."

"व्याज आमच्यात हराम आहे, भाऊ. ते जन्मभर त्यापासून लांब राहिले. त्यांच्याच पैशावर मी व्याज कसं खाऊ?"

पैसे पेटीत पडून राहिले. मी लोकांचे कपडे हाताने शिवून दिवस ढकलत होते.

उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून एक सिंधी बाई पापड विकायला यायची. माझ्याहून मोठी, तीही एकटीच. मला 'अदी' म्हणायची. त्यांच्यात बहिणीला तसं म्हणतात. मीही तिला अदीच म्हणू लागले. पाणी प्यायला टेकायची ती तासभर बसायची. तिला धंदा वाढवायचा होता, पण सावकार परवडत नव्हता.

"तू दे ना, अदी. ब्याज देईन."

"व्याज नको. भागीदारी करू. पैसे माझे, मेहनत तुझी, नफा निम्मा-निम्मा."

"और घाटा हुआ तो?"

"माझे पैसे बुडाले, तुझी मेहनत बुडाली. मागायला येणार नाही."

ती बघतच राहिली. "ऐसा कौन करता है?"

तो उन्हाळा छान गेला. तिच्या बराकीसमोर खाटांवर पापड वाळायचे. मी मुद्दाम जायची, पीठ कुटू लागायची. पावसाळ्यात मात्र साठवलेल्या मालाला बुरशी आली. ती कानातलं काढून घेऊन आली. मी तिची मूठ मिटली. "आपलं ठरलं होतं ना?" ती रडली.

उरलेल्या पैशांतून हिवाळ्यात धंदा पुन्हा उभा राहिला, बुडालेलंही भरून निघालं. दारूबंदी होती, तरी कॅम्पामागे चोरून गुत्ता चालायचा. गुत्तेवाल्याने रोजचे पापड मागितले, रोखीने.

"पापड तो पापड है ना, अदी?"

"पापडाचा काय दोष? पण दारूच्या धंद्यातला पैसा मला चालणार नाही. त्याला माल देणार असशील तर माझी भागीदारी मोडू."

ती भडकली. "मेरा घर गया, मर्द गया. मैं किस किस को ना बोलूँ?"

मी तरी माझा शब्द बदलला नाही.

काही दिवसांनी तिने माझे पैसे आणून दिले, त्या दिवसापर्यंतच्या नफ्यासकट. गुत्त्याचा एक पैसा त्यात नव्हता. चहाला थांबली नाही. पुन्हा आमच्या गल्लीत आली नाही.

त्या पैशांतून मी जुनं शिलाई मशीन घेतलं. काम मिळत गेलं, पोटाला कमी पडलं नाही. एकदा उल्हासनगरच्या बाजारात ती लांबून दिसली. दोन पोरी हाताखाली होत्या, स्वतःचं फळकूट टाकून बसली होती. तिने मला पाहिलं, हात वर केला. तेवढ्यात गिऱ्हाईक मध्ये आलं. मी थोडा वेळ थांबले, मग घरी आले.

माझा निर्णय चुकला असं मला कधीच वाटलं नाही. आजही तेच करीन. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मला अदी म्हणणारं कोणी नव्हतं.